डांबर सुटल्यावर

पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची, दोन्ही तारांच्या आऱ्यांचे. पुढच्या शॉकअपची चाल १९० मिलिमीटर, मागच्याची १७०. इंजिनाच्या पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा. २०१९ साली हीरोने आणलेल्या एक्सपल्स २०० चे हे आकडे, आणि डुअल-स्पोर्ट गाडी म्हणजे काय हे व्याख्येपेक्षा त्यांतूनच लवकर कळतं. मोठं पुढचं चाक खड्ड्यात पडत नाही, कडेवरून चढून जातं. पण घाटातल्या वळणावर तेच चाक गाडीला झटकन कलू देत नाही. लांब चालीचा शॉकअप दगडधोंडे पचवतो. पण पुढचा ब्रेक दाबला की गाडी नाकावर येते. उंच गाडी चिखलातून निघते आणि सिग्नलला पाय टेकू देत नाही. प्रत्येक सोयीच्या पाठीला एक गैरसोय बांधलेली. हा प्रकार जुना आहे. यामाहाने १९६८ साली अडीचशे सीसीची डीटी-१ आणली, तेव्हापासून गाड्या बनवणारे हाच हिशेब पुन्हापुन्हा मांडत आलेत. आपल्याकडे हीरोने २०११ मध्ये दीडशे सीसीची इम्पल्स आणून पाहिली. पण तेव्हा तिला पुरेसं गिऱ्हाईक मिळालं नाही. २०१६ मध्ये रॉयल एनफील्डची हिमालयन आली, मग एक्सपल्स आली, आणि सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर शनिवार-रविवारी या गाड्या दिसू लागल्या.

गाडी घेतली की महिन्याभरात हात शिवशिवायला लागतात. हँडल उंच करू, चेनचं पुढचं सॉकेट बदलू, सायलेन्सर काढू, लाइट लावू. माझं मत आधीच सांगून टाकतो: ‘मॉडिफाय करायची आहे’ म्हणून गॅरेजमध्ये येणाऱ्या पुष्कळशा गाड्यांना खरं तर नीट सर्व्हिसिंग हवं असतं. गाडीचं तोंड जड झालं म्हणून हँडल बदलायला निघालेल्या माणसाचा कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, सुकलेला असतो. पिकअप गेला म्हणून सायलेन्सर बदलणाऱ्याचा एअर फिल्टर कोकणातल्या जांभ्याच्या धुळीने बुजलेला असतो. नवा भाग बसवला की दोन दिवस बरं वाटतं, मग तोच दोष नव्या रूपात वर येतो. म्हणून क्रम ठरलेला: आधी बिघाड शोधायचा, मग बदल करायचा, आणि बदल एका वेळी एकच.

गाडी चालू होत नाही तेव्हा

कच्च्या रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीपाशी पहिल्या पाच मिनिटांत माणूस जे खोलतो, ते बहुतेक वेळा खोलायची गरज नसते. आधी ऐकायचं. चावी फिरवल्यावर इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. तो आवाज आला, म्हणजे फ्यूज, किल स्विच, रिले आणि पंपाची वायर हा सगळा भाग एका फटक्यात संशयातून सुटला. नाही आला, तर प्लग काढून बघण्यात अर्थ नाही. अडचण त्याच्या आधीच कुठेतरी आहे. बिघाड शोधण्याची सगळी कला एवढीच आहे. मार्गाच्या मधोमध एक खूण शोधायची, दोष तिच्या अलीकडे की पलीकडे ते ठरवायचं, आणि उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच.

गाडी पडली, उचलली आणि आता चालूच होत नाही, ही तक्रार तर फार नेहमीची. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत कलंडल्यावर इंजिन तोडणारा सेन्सर असतो. चावी पूर्ण बंद करायची, थोडं थांबायचं, पुन्हा चालू करायची. एवढ्याने काम होतं आणि तोवर कोणीतरी सीट खोलून ठेवलेली असते.

दुसरी खूण गिअरची. न्यूट्रलमध्ये गाडी छान चालते, पहिला गिअर टाकताच गप्प होते. हा साइड स्टँडचा स्विच. स्टँडच्या मुळाशी, चिखल उडतो बरोब्बर त्याच जागी तो बसवलेला असतो. पाण्याने धुवा, स्टँड चार वेळा वर-खाली करा. न्यूट्रलमध्ये सेल्फ फिरतो, पण गिअरमध्ये क्लच दाबून फिरत नाही, तर क्लचच्या लिव्हरखालचा छोटा स्विच पाहा. हँडगार्ड बसवताना लिव्हर जरा सरकवलेली असते आणि त्या स्विचचं बोंडूक पुरतं दबत नाही.

सेल्फ दाबल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येत असेल, तर बॅटरीला दोष देण्याआधी मल्टीमीटर लावा. दोन-तीनशे रुपयांचा साधा मीटर पुरतो. गाडी काही तास उभी राहिल्यावर बारा व्होल्टची भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरली. सेल्फ दाबताना आकडा दहाच्या बराच खाली कोसळला, तर बॅटरी गेली असं धरायला हरकत नाही. पण बॅटरी चांगली असून सेल्फ रडत असेल, तर पुढची चाचणी करा, जी फारच थोडे जण करतात. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा आणि सेल्फ दाबा. अर्थिंग चांगलं असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवेल. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दाखवला, तर तेवढा दाब गंजलेल्या जोडात वाया चाललाय. अर्थिंगचा बोल्ट खोला, पॉलिश पेपरने घासा, घट्ट लावा. पावसाळ्यात चार महिने चाललेल्या गाडीत हा दोष फार सापडतो आणि त्यापायी निष्कारण नव्या बॅटऱ्या विकल्या जातात.

गाडी चालू झाली की मीटर बॅटरीवर ठेवून चार-पाच हजार आरपीएमपर्यंत नेऊन बघा. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक. पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरी उकळून टाकेल. तेराच्या खालीच घुटमळले तर स्टेटर, रेग्युलेटर किंवा त्यांच्यामधला कनेक्टर. या तिघांत कनेक्टर आधी पाहा. प्लास्टिक पिवळट-तपकिरी पडलेलं दिसलं की तिथे गरमी होतेय.

आता एक बिघाड जो माणसाला खरोखर वेड लावतो. गाडी वीस-पंचवीस मिनिटं उत्तम चालते, मग पेट्रोल संपल्यासारखी खोकत बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. कॉइल बदलली जाते, प्लग बदलला जातो, पंप बदलला जातो. करायचं एवढंच: बंद पडल्याक्षणी टाकीचं झाकण उघडायचं. आत हवा शिरल्याचा ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर टाकीचा श्वास कोंडलाय. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा आत यायला हवी. तिची बारीक नळी चिखलाने बुजली किंवा टाकीवरच्या बॅगेच्या पट्ट्याखाली दबली की आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल यायचं थांबतं. म्हणजे नवी बॅग घेतली आणि गाडी बंद पडू लागली, या दोन गोष्टींचा संबंध आहे. शेवटचा बदल कोणता केला, हा प्रश्न म्हणूनच मीटरच्याही आधी विचारायचा.

पाणी, धूळ आणि उंची

ओढा ओलांडताना गाडी मध्येच बंद पडली तर सेल्फला हात लावू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एअर बॉक्समधून आत शिरलेलं पाणी सिलिंडरमध्ये असेल आणि सेल्फने पिस्टन वर ढकलला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग शंभर रुपयांच्या प्लगचं काम इंजिन उघडण्यावर जातं. गाडी ढकलत बाहेर काढा, प्लग काढा, एअर बॉक्सच्या तळाची निचऱ्याची नळी उघडा, फिल्टर पिळून किंवा झटकून वाळवा. प्लगची वायर बाजूला बांधून, प्लगच्या भोकासमोर तोंड न ठेवता, मग सेल्फ फिरवा. पाणी पिचकारीसारखं बाहेर येईल. नंतर ऑइलची काच बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी खाली क्रँककेसमध्ये उतरलंय. त्या ऑइलवर गाडी घरी न्यायची नाही. ऑइल बदला, थोडी चालवा, पुन्हा बदला. एकदा बदलून भागत नाही, कारण कानाकोपऱ्यात पाणी राहतंच.

काही एकसिलिंडर इंजिनांत प्लग एका खोलगट खड्ड्यात बसतो आणि त्या खड्ड्याला निचऱ्याचं बारीक छिद्र असतं. ते मातीने बुजलं की धुतल्यावर किंवा पावसात तिथे पाणी साचतं आणि ठिणगी प्लगच्या टोकाला जायच्या ऐवजी बाहेरच्या बाहेर अर्थ होते. गाडी मिस मारते, उन्हात वाळली की बरी होते. सायकलच्या आऱ्याची तार त्या छिद्रातून एकदा फिरवायची.

एअर फिल्टरचं मुंबई-पुण्याचं वेळापत्रक कच्च्या रस्त्याला लागू पडत नाही. पुढच्या गाडीच्या धुरळ्यात केलेली दोन-तीन दिवसांची सफर फिल्टर भरायला पुरते. कागदी फिल्टरला तेलाचा लेप असेल तर तो हवा मारून साफ करू नये, बदलावा. फोमचा असेल तर धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टर ऑइल लावून बसवावा. कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही. फिल्टर बसवल्यावर एअर बॉक्सच्या आतल्या, इंजिनाकडच्या बाजूला बोट फिरवा. बोटाला माती लागली, तर फिल्टरच्या कडेने धूळ आत जाते आहे. तिथली रबरी कड ग्रीसने बसवा, नाहीतर पिस्टन-रिंगांची वाट लागते आणि गाडी ऑइल प्यायला लागते.

लडाखला दरवर्षी महाराष्ट्रातून गाड्या जातात आणि परतल्यावर ‘तिकडे गाडीचा पिकअपच गेला होता’ असं ऐकू येतं. तो बिघाड नाही. खारदुंग ला सुमारे ५,३६० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. हवा निम्मी, म्हणजे प्राणवायू निम्मा, म्हणजे ताकदही साधारण तेवढीच. अठरा हॉर्सपॉवरच्या इंजिनातून तिथे नऊ-दहा निघाले तर ते आपलं काम चोख करतंय. इंजेक्शनची गाडी हवेचा दाब मोजून पेट्रोल कमी करते, म्हणून चालत राहते. कार्ब्युरेटरची गाडी तेवढंच पेट्रोल ओतत राहते. प्लग काळा पडतो, धूर येतो, आणि त्यासाठी छोटा जेट लावावा लागतो. खाली उतरल्यावर तो जेट परत काढायचा, नाहीतर मैदानात इंजिन पेट्रोलच्या तुटीवर चालून तापेल. उंचीवर ताकद नसताना अर्ध्या क्लचवर चढ चढवत राहिलं की क्लचप्लेटी जळतात. त्या वासाचा दोष मात्र चालवणाऱ्याकडे जातो.

टॅपेटबद्दल एकच सांगतो, कारण इथे कान फसवतात. टॅपेट ढिला झाला की टकटक वाजतो आणि सगळे धावतात. घट्ट झालेला टॅपेट मुळीच वाजत नाही. इंजिन उलट मऊ, शांत वाटतं. पण व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, त्याची कड जळते, आणि गाडी गरम असताना चालू व्हायला त्रास देते. शांत इंजिन आणि गरम असतानाचा त्रास ही जोडी दिसली की थंड इंजिनावर फीलर गेजने अंतर मोजून घ्या.

शॉकअप: फुकटात होणारा सगळ्यात मोठा बदल

डुअल-स्पोर्टचा जीव तिच्या चालीत आहे, आणि ती चाल नीट लावून घेतलेली गाडी मला अजून फार कमी दिसलीय. शोरूममधून जशी आली तशी ती चालवली जाते, मग माणसाचं वजन पन्नास किलो असो की पंच्याण्णव, मागे बॅगा असोत की नसोत.

मोजायला एक टेप आणि दोन मित्र लागतात. गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक हवेत ठेवा. ॲक्सलपासून सरळ वर, सीटखालच्या एखाद्या पक्क्या बोल्टपर्यंतचं अंतर मोजा. मग गाडी चाकांवर उभी करा, कोणी बसलेलं नको, एकदा दाबून सोडा, तेच अंतर पुन्हा मोजा. पहिल्यातून हे वजा केलं की गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते ते कळतं. तिसऱ्यांदा हेल्मेट, बूट, पाठीवरची बॅग असं सगळं घालून गाडीवर बसा, मित्राने गाडी तोलून धरावी, दुसऱ्याने मोजावं. आता तुमच्यासकट गाडी किती बसली ते मिळालं. चालीच्या साधारण ३० टक्के हा चांगला मुक्काम. १७० मिलिमीटरच्या चालीला पन्नासच्या आसपास. सत्तर-ऐंशी बसत असेल तर चाल आधीच संपत आलीय, खड्ड्यात ठक्क करून बसणारच. वीस-पंचवीसच बसत असेल तर चाक खड्ड्यात खाली उतरू शकत नाही आणि गाडी उड्या मारते.

हे जुळवायला मागच्या शॉकअपवर प्रीलोडची कडी असते. इथे एक गैरसमज घट्ट बसलाय, की ती आवळली म्हणजे स्प्रिंग कडक होते. स्प्रिंग आहे तेवढीच कडक राहते. कडी आवळल्याने गाडी चालीच्या कुठल्या जागी उभी राहते तेवढं बदलतं. म्हणूनच दोन्ही आकडे हवेत. समजा प्रीलोड आवळून आवळून तुमच्यासकटचा आकडा बरोबर आणला, पण रिकामी गाडी जवळजवळ बसतच नाही. मग स्प्रिंगच तुमच्या वजनाला मऊ आहे आणि ती बदलायला हवी. कडी कितीही फिरवली तरी ते साधणार नाही. उलट रिकामी गाडी भरपूर बसते आणि तुम्ही बसल्यावर फारशी खाली जात नाही, तर स्प्रिंग कडक आहे.

पुढच्या शॉकअपमध्ये स्प्रिंगबरोबर हवेचीही स्प्रिंग असते. नळीत ऑइलच्या वर राहिलेली हवा, शॉकअप दबत गेला की आक्रसते आणि शेवटाकडे झपाट्याने कडक होते. त्यामुळे पुढची बाजू सुरुवातीला ठीक पण मोठ्या खड्ड्यात तळाला आपटत असेल, तर जाड ऑइल घालण्यापेक्षा त्याच ऑइलची पातळी पाच-दहा मिलिमीटरने वाढवून बघा. पातळी मोजायची ती स्प्रिंग काढून, नळी पूर्ण दाबून, कडेपासून; दोन्ही पायांत अगदी सारखी. जाड ऑइलने शॉकअप दबतानाही मंद होतो आणि परत येतानाही, आणि लागोपाठच्या खळग्यांत तो वर यायच्या आत पुढचा खळगा येतो. पातळी फार वाढवली तर मात्र तेल सील फोडून बाहेर येतं.

सील गळू लागलं की लगेच बदलायला नेऊ नका. बऱ्याचदा सीलच्या ओठाखाली मातीचा एक कण अडकलेला असतो. जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर पट्टी कापून, तिला टोकाशी आकडा करून, सीलच्या आत सरकवून नळीभोवती फिरवली की तो कण बाहेर येतो. रबरी गेटर असतील तर तेही अधूनमधून वर करून बघा. गेटर धूळ अडवतात तसा ओला चिखलही आत धरून ठेवतात आणि क्रोमवर गंजाचे ठिपके पडतात. असा ठिपका पडलेली नळी नवं सीलही चार दिवसांत कापते.

उंची कमी करायला मागे लिंक बदलण्याची फॅशन आहे. पाय टेकतात, हे खरं. पण मागची बाजू खाली गेली की पुढच्या काट्याचा कोन पसरट होतो आणि गाडी वळायला आळशी होते. साइड स्टँड लांब पडतो आणि गाडी उलट्या बाजूला कलंडते. मोठ्या खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो. त्यापेक्षा आधी सीटचा फोम कमी करून पाहावा. तो पटला नाही तर परत भरता येतो.

बाकीचे बदल आणि त्यांची बिलं

सॉकेट बदलण्याचं गणित सोपं आहे. समजा पुढे १३ दाते आणि मागे ३९. प्रमाण तीनला एक. पुढे १२ लावले तर ३.२५ होतं, म्हणजे प्रत्येक गिअर सुमारे आठ टक्क्यांनी छोटा झाला. चढाच्या पायवाटेवर पहिला गिअर छान ओढतो, पण महामार्गावर ऐंशीच्या वेगाला इंजिन आठ टक्के जास्त फिरतं. तोच परिणाम मागे ४२ दाते लावून जवळजवळ मिळतो, आणि मला तो जास्त आवडतो, कारण पुढचं सॉकेट छोटं केलं की चेन जास्त तीव्र वळते आणि स्विंगआर्मवरच्या रबरी पट्टीला घासते. ज्या गाडीत वेग गिअरबॉक्सकडून मोजला जातो, तिथे स्पीडोमीटरही वेग जास्त दाखवू लागतो.

चेन किती ढिली ठेवायची हे लांब चालीच्या गाडीत डोळ्याने ठरवू नये. पुढचं सॉकेट, स्विंगआर्मची खीळ आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. स्टँडवर नीटनेटकी दिसणारी चेन त्या क्षणी गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढत असते. शॉकअपचा खालचा बोल्ट काढून किंवा दोघांना मागे बसवून ही रेषा जुळवा आणि तिथेही थोडा खेळ उरतो का बघा.

हँडल उंच करणारे रायझर उभं राहून चालवायला फार उपयोगी, पण बसवल्यावर एक चाचणी केल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे शेवटपर्यंत, मग उजवीकडे शेवटपर्यंत फिरवा. कुठेही आरपीएम आपोआप वाढले तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. उतारावरच्या वळणात हे झालं तर गाडी तुमच्या इच्छेविरुद्ध पळेल. ब्रेकची नळीही त्याच वेळी बघा. लिव्हरचे क्लँप मात्र दगडासारखे आवळू नयेत. हाताने जोर लावल्यावर फिरतील इतपत ठेवले तर पडल्यावर लिव्हर मोडत नाही, फिरते.

ऐंशीच्या वेगाला हँडल थरथरतं, ही तक्रार गोटीदार टायर आणि मागे पेट्या लावल्यानंतर हमखास येते. दोन्ही गोष्टी कारण असू शकतात. पण आधी पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध ‘खटका’ जाणवला तर कोनसेटच्या वाटीत खळगे पडलेत. मग खालून काटा पुढे-मागे ओढा. हलला तर कोनसेट ढिला आहे. हे दोन्ही ठीक असेल तर पेट्या काढून त्याच रस्त्यावर तोच वेग घ्या. सामानाचं वजन मागच्या ॲक्सलच्या मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं. जड वस्तू खाली आणि पुढे, झोपायची चटई मागे.

जादा लाइटांचा हिशेब वॉटचा आहे. चाळीस वॉटचे दोन लाइट म्हणजे सहा-सात अँपिअर. दोनशे सीसीच्या गाडीचा स्टेटर स्वतःच्या गरजेपलीकडे फार काही बनवत नाही. म्हणून लाइट रिलेतून द्या, फ्यूज बॅटरीजवळ ठेवा, मूळ हार्नेस कापू नका, आणि बसवल्यावर मीटर बॅटरीवर ठेवून एक-एक करून सगळं चालू करा. आयडलला व्होल्टेज तेराच्या खाली जाऊन आरपीएम वाढवल्यावरही वर येत नसेल, तर रात्रीच्या घाटात तुम्ही बॅटरी खात चाललायत.

चिखलाचं आमच्याकडचं गणित वेगळं आहे. देशावरची काळी माती पावसात टायर आणि खालच्या मडगार्डच्या मध्ये थापली जाते आणि चाक चक्क फिरायचं थांबतं. जुन्या हिमालयनवर चोचीखाली टायरलगत आणखी एक मडगार्ड आहे. काळ्या मातीत जाणारे पुष्कळ जण ते काढून ठेवतात. हा बदल फुकट आहे. पाऊस संपला की परत लावावं, कारण कोरड्या दिवसांत तेच दगड अडवतं.

सायलेन्सरचा मोह मात्र टाळा. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर बारीकसारीक फरक सांभाळून घेतो, पण तो एकसारख्या, हलक्या चालीत. पूर्ण ॲक्सिलरेटरवर ईसीयू ठरलेल्या नकाशावर जातो, आणि तो नकाशा जुन्या सायलेन्सरसाठी काढलेला असतो. आवाज वाढतो, ताकद क्वचितच. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे: निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा पडेल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. एबीएसचा फ्यूज काढून खडीवर फिरणारेही भेटतात. सैल खडीवर पुढचा एबीएस ब्रेकिंगचं अंतर वाढवतो हे खरं, पण फ्यूज परत न लावता तोच माणूस ओल्या डांबरावर येतो. एक्सपल्सच्या २०२३ च्या मॉडेलपासून एबीएसचे मोड बटणावर आलेत. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी तो मार्ग घ्यावा.

टायरमधली हवा हा आणखी एक फुकटचा बदल. खडकाळ वाटेवर २० पीएसआयपर्यंत उतरवली तर पकड लगेच वाढते, पण ट्यूबचा वॉल्व्ह बघत राहा. तो तिरका दिसू लागला म्हणजे टायर रिमवर सरकतोय आणि ट्यूबला ओढतोय; थोड्या वेळाने वॉल्व्ह मुळातून फाटेल. म्हणून वॉल्व्हची चकती रिमला घट्ट आवळू नये, ती वर टोपीपाशी ठेवावी, म्हणजे तिरकेपणा वेळेत दिसतो. डांबराला लागण्याआधी हवा परत भरायची, त्यासाठी छोटा पंप सीटखाली हवा. आऱ्यांवरून पान्याने हलकेच वाजवत जा. ‘टिंग’ऐवजी ‘थप्’ आवाज आला तो आरा ढिला. पाव फेरीच आवळा, आणि समोरच्या बाजूचेही तपासा.

कुठलाही भाग नवा बसवला की त्याच्या बोल्टावर नेलपेंटची एक रेघ ओढा, अर्धी बोल्टावर, अर्धी फ्रेमवर. पहिल्या शंभर खडबडीत किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट फिरलाय. मग घरच्या घरी, फक्त गाडीबरोबर नेणार असलेली हत्यारं वापरून, दोन्ही चाकं काढून परत लावून पाहा. मागच्या ॲक्सलचा पाना त्यात नसतो, हे तिथेच कळतं. आणि २१ इंची ट्यूब घाटमाथ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे बहुधा मिळत नाही. एकच ट्यूब नेणार असाल तर तीच न्या. अडचणीला ती मागच्या १८ इंची टायरमध्येही घालून गावापर्यंत पोचता येतं. १८ इंची ट्यूब पुढच्या चाकात मात्र घालू नका.